सापळ्यातली खरी नावे

१२ मे

ज्याच्या कृपेवाचून लेखणी उचलली जाते पण अक्षर उमटत नाही, त्या पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला नमन. माझी बुद्धी म्हातारी झाली आहे, ती त्याने धुऊन घ्यावी. जिभेवर पहारा ठेवावा. आणि पुढच्या सात आठवड्यांत मी जे लिहीन त्यात असत्याचा कणही राहू देऊ नये.

आता विषय. सदुसष्टाव्या वर्षी मी नेटवर्क आणि त्याची सुरक्षा या विषयातला पदव्युत्तर प्रबंध पूर्ण करीत आहे. सोळा जूनला सादर करायचा, तीस जूनला परीक्षकांपुढे उभे राहायचे. चार प्रकरणे झाली. पाचवे कोरे आहे.

पाचवे म्हणजे सापळा. फुंदोया मठाच्या इंटरनेटवरच्या जुन्या पत्त्यावर मी एक खोटा संगणक ठेवला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो मठाच्या नाव-यादीचाच वाटावा. मठाची यादी आता बंद आहे. पूर्वी इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या आमच्या गावच्या बायका तिथूनच नावे पाठवीत — एका रकान्यात जिवंत, दुसऱ्यात मृत. नुसती बाप्तिस्म्याची नावे, आडनाव नाही — आणि ती वेदीपाशी वाचली जात. दोन वर्षांपूर्वी कोणी तरी आत शिरले. नावे उचलली, पाठवणाऱ्यांचे आणि त्यांच्या घरचे फोन नंबर उचलले. मग आजाऱ्यांच्या घरी फोन गेले: 'तुमच्या कासांद्रासाठी मठातून औषध पाठवतो आहोत.' कासांद्रा माझी बहीण. तिने ते औषध घेतले आणि डॉक्टरांचे बंद केले. तो हिवाळा तिने काढला नाही.

त्या यादीचा पासवर्ड मी ठेवला होता. पश्चात्तापाच्या स्तोत्राचे पहिले दोन शब्द, लॅटिनमध्ये. शाळेत तीस वर्षे मी प्रत्येक तासाच्या आरंभी मुलांकडून तेच म्हणवून घेतले. दाराला कुलूप लावावे आणि किल्ली गात गावभर फिरावे, तसे.

प्रबंध मान्य झाला तर त्यातल्या व्यवस्थेवर यादी पुन्हा उघडेल, असे धर्मप्रांताच्या कार्यालयाने लिहून दिले आहे. नाही झाला तर ती कायमची बंद. मठाच्या प्रमुख मदर मक्रिना काल म्हणाल्या, “मास्तर, बायका अजून फोन करून विचारतात हो. मी सांगते, मास्तर शिकतायत. त्या म्हणतात, अजून?”

महाउपवासाचे चाळीस दिवस सापळा मांडून बसलो. हजारो यंत्रे दार ठोठावून गेली. आत पाऊल कोणी टाकले नाही. आत आलेला माणूस काय करतो, हे पाहिल्यावाचून पाचवे प्रकरण लिहिता येत नाही.

१४ मे

आला. दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी.

१५ मे

सकाळच्या बसने विद्यापीठात गेलो. माझ्या मार्गदर्शक डॉक्टर लाविनिया. वीस वर्षांपूर्वी त्या माझ्या लॅटिनच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत. विभागात मी त्यांना मॅडम म्हणतो आणि त्या दर वेळी कपाळाला हात लावतात.

“बसा आधी, सर.”

“उभाच बरा. निकाल ऐकताना विद्यार्थ्याने उभे राहावे.”

“हे तुम्हीच आम्हाला करायला लावायचात. पाय दुखायचे माझे.”

नोंदी त्यांनी दोनदा वाचल्या. सापळ्यावर मी मुद्दाम तोच जुना पासवर्ड ठेवला आहे, जुना चोर परत आला तर त्याला ओळखीची वाट सापडावी म्हणून.

“यंत्र असतं तर दहा हजार किल्ल्या लावून बघितल्या असत्या. ह्यानं एकच लावली. पहिल्या फटक्यात आत. आणि उचललं काय? काहीच नाही. मृतांच्या रकान्यात गेला, तिसरं पान उघडलं आणि चाळीस मिनिटं तिथंच.” खुर्ची मागे सारून त्या माझ्याकडे पाहू लागल्या. “चोर वाचत बसत नाही, सर.”

“पत्ता?”

“इटली. ब्रेश्याच्या जवळपास कुठं तरी. पण पत्त्याचं काय, तो भाड्यानंही मिळतो.” मग जरा थांबून, “एक सांगू? रागवू नका. परीक्षक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. चाळीस दिवस कोणी फिरकलं नाही. मुदत जवळ आली, आणि नेमका एक जण आला, मास्तरांचाच पासवर्ड घेऊन. म्हणतील, मास्तरांनी मागच्या दारानं जाऊन पुढचं दार उघडलं.”

“मी असे करीन?”

“मला माहितेय तुम्ही करणार नाही. त्यांना कुठं माहितेय?”

परतीच्या बसमध्ये जागा असूनही उभाच राहिलो.

१८ मे

जिभेवर पहारा मागितला होता. हाताबद्दल मागायचे राहिले.

तिसऱ्या प्रकरणात माझे एक वाक्य आहे: 'सापळ्यातील सर्व नावे कल्पित आहेत.' हे वाक्य खोटे आहे. आज या पानावर प्रथमच लिहितो.

फेब्रुवारीत लाविनियाबाई म्हणाल्या होत्या, “कुठलीही नावं टाका, सर. यंत्राकडून करून घ्या, दोन मिनिटांचं काम.” मी टेबलाशी बसलो. समोर कोरा तक्ता, माथ्यावर क्रूस, खाली दोन रकाने. जो माणूस जन्मलाच नाही त्याचे नाव क्रूसाखाली कसे लिहावे? जो मेलाच नाही त्याला चिरशांती कशी मागावी? एक नाव लिहिले, खोडले. दुसरे लिहिले, खोडले. शेवटी मी रोज ज्या वहीतून प्रार्थना करतो ती वही काढली आणि तीच उतरवली. जिवंत एक्केचाळीस. मृत एकशे अठरा. माझी पत्नी अनिसिया त्यात आहे. कासांद्रा आहे.

आडनावे नाहीत, कोणाला कळणार — अशी मी स्वतःची समजूत घातली. पण आडनाव ज्याला लागत नाही त्याला वाचून दाखवण्यासाठीच ही यादी असते. त्याच्यापासून काय लपले?

आणि आणखी वाईट असे की, जी जागा लुटली जावी म्हणून मी बांधली, तिथे मी आजाऱ्यांची नावे ठेवली. बहिणीचे नाव चोरले गेले म्हणून शिकायला निघालेला मी, बहिणीचेच नाव आमिष म्हणून टांगून बसलो. त्या दिवशी मला हे भक्तीसारखे वाटले होते.

२१ मे

पुन्हा तोच. बुधवार, तीन वाजून दहा मिनिटे. मृतांचे तिसरे पान. पन्नास मिनिटे.

२२ मे

तिसऱ्या पानावर अकरा नावे आहेत. आज एकेक समोर घेऊन बसलो. तीन माझ्या आईच्या बाजूची, जुन्या युद्धातली. त्यांच्यासाठी ब्रेश्याहून कोणी येणार नाही. दोन शेजारी. एक बिशप. एक सुईण. तीन सहकारी शिक्षक. आणि सातव्या ओळीत अगाथोन.

अगाथोन माझा विद्यार्थी. लाविनियाबाईंच्याच वर्गातला. लॅटिनमध्ये त्याच्यासारखा कान मी पुन्हा पाहिला नाही. अठराव्या वर्षी तो शाळेच्या कार्यालयातल्या संगणकात शिरला आणि गुणपत्रकातला एक आकडा बदलला. दहापैकी चाराचे सात. स्वतःचा नव्हे. शिक्षकांच्या सभेत मी उभा राहिलो आणि नियम वाचून दाखवला. अर्धा तास बोललो. फार चांगला बोललो. त्याचे नाव शाळेतून कमी झाले. उन्हाळ्यात तो इटलीला बांधकामावर गेला. तीन वर्षांनी चर्चच्या ओसरीवर तिकडून आलेल्या एका बाईने सांगितले, पोराचा पाय परांचीवरून सटकला, गेला. त्याची आई त्याआधीच वारली होती. मी त्याच संध्याकाळी त्याला मृतांच्या रकान्यात घेतले आणि सतरा वर्षे रोज त्याचे नाव उच्चारले.

सभेत एक गोष्ट मी सांगितली नव्हती. त्याने कुलूप फोडले नव्हते. कार्यालयातल्या त्या संगणकाचा पासवर्डही मीच ठेवला होता. तेच दोन शब्द.

म्हणजे या बुधवारच्या पाहुण्याला किल्ली कुठून मिळाली, हा प्रश्न तीस वर्षांच्या माझ्या सगळ्या वर्गांना विचारावा लागेल.

२५ मे

रविवारच्या पूजेत फादरांनी प्रवचनात काय सांगितले ते आठवत नाही. मठात बुधवारी आणि रविवारी स्तोत्रे मी गातो; आज गाताना एक ओळ गाळली. मदर मक्रिनांनी पडद्याआडून डोके बाहेर काढून पाहिले.

२९ मे

प्रभूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. पूजा आटोपून सरळ लाविनियाबाईंच्या घरी गेलो. त्या आंबटचुक्याचे सूप ढवळत होत्या. उभ्याउभ्याच सांगितले.

त्यांनी गॅस बंद केला.

“ते वाक्य मी सही करून पुढं पाठवलंय, सर. माझी सही आहे त्याच्यावर.”

“होय.”

“होय काय? मी तुमच्याच हाताखाली शिकले की खोटं लिहिणाऱ्याला पहिल्या बाकावर बसवायचं आणि सगळ्यांदेखत वाचायला लावायचं. आता मी कुणाला बसवू?”

“मला.”

“मला हसू आणू नका. मी चिडलेय.” त्या टेबलाशी बसल्या. “दाखवा. कुठली नावं?”

वही त्यांच्यापुढे ठेवली. जिवंतांत त्यांना स्वतःचेच नाव सापडले. “मी? कधीपासून?” म्हटले, तुमच्या बाळंतपणापासून. त्यांनी पान उलटले. तिसऱ्या पानावर बोट थांबले.

“अगाथोन.”

“रोज. सतरा वर्षे.”

“चाराचे सात माझे केले होते त्यानं. मी सांगितलं नव्हतं त्याला.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं? मग सभेत का नाही बोललात? 'त्या मुलीला विचारा' एवढं म्हणायचं होतं. मी दाराबाहेर उभी होते, सर. दोन तास. कुणी बोलावलं असतं तर आले असते आत.”

वीस वर्षे आम्ही दोघांनी हे नाव एकमेकांसमोर उच्चारले नव्हते. उत्तर होते ते फार लहान होते. बोललो असतो तर पासवर्डही सांगावा लागला असता.

सूप गार झाले. त्यांनी तेच वाढले, मी तेच प्यालो. दाराशी येऊन म्हणाल्या, “समितीला उद्या तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसेन. बोलणार नाही.”

३० मे

संशोधनातल्या नीतिनियमांची समिती. तीन माणसे, एक खिडकी. सांगितले. वाक्य दुरुस्त करा, म्हणाले. जिवंत व्यक्तींची लेखी संमती चौदा जूनपर्यंत आणा. एक जरी कमी पडली तरी पाचवे प्रकरण रद्द, आणि त्यावाचून प्रबंध नाही.

“आणि मृतांची?” मी विचारले.

“मृतांना हा कायदा लागू नाही,” अध्यक्ष म्हणाले. “ते तक्रार करत नाहीत.”

लाविनियाबाई बाजूला बसल्या होत्या.

३ जून

एक्केचाळीसपैकी नऊ. गुडघ्यांनी संप पुकारला आहे.

साफ्ता मावशी, वय चौऱ्याऐंशी, अंगणात शेंगा सोलत होती. तिला सगळे समजावले — सापळा, चोर, प्रबंध. तिने नीट ऐकून घेतले.

“म्हंजे माझं नाव चोरासाठी लावून ठेवलंस?”

“होय, मावशी. माझी चूक झाली.”

“आन् आला का चोर?”

“एक आला. पण जिवंतांच्या पानावर गेलाच नाही.”

“घ्या. चोरसुद्धा मला मेलेल्यांत शोधतोय.” तिने बोटाला शाई लावून घेतली, कागदावर सहीऐवजी क्रूस काढला. “मास्तर, तो परत आला तर त्याला म्हणावं, माझंही नाव घेत जा. कुणी का घेईना.”

५ जून

काल बुधवारी तो आला होता. बारा मिनिटे फक्त. तेच पान.

संमती सव्वीस. आज दोरोफ्तेइकडे गेलो. निवृत्त वनरक्षक, आमच्या कुंपणाला कुंपण. हद्दीवरचा अक्रोड त्याने तोडला तेव्हापासून अकरा वर्षे आमचे बोलणे नाही. दारात मला पाहून त्याने कुत्र्याला आत बोलावले, मला नाही.

कागद वाचला. चष्मा कपाळावर चढवला.

“माझं नाव तुझ्या यादीत काय करतंय?”

“मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो.”

“का? मला काय झालंय?”

“शत्रूंसाठी करावी अशी आज्ञा आहे.”

त्याने अक्रोडाच्या बुंध्याकडे पाहिले.

“किती वर्षं?”

“अकरा.”

“तरीच माझा गुडघा बरा होईना.” तो आत गेला, पेन घेऊन आला. “सही करतो. पण नाव वर सरकव. तळाला कशाला टाकलंस मला?”

परत येताना कुंपणापर्यंत सोडायला आला.

७ जून

पेंटेकॉस्टच्या सणाआधीचा शनिवार, पितरांचा दिवस. बायका मडकी आणि घागरी घेऊन आल्या. मडक्यांत चेरी, कडेला मेणबत्ती, शिजवलेल्या गव्हाचे ताट. ज्याच्या नावाने द्यायचे त्याचे नाव घेऊन मडके दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असा आमचा रिवाज. मी अनिसियाचे दिले, कासांद्राचे दिले. तिसरे मडके घेऊन उभा राहिलो. अगाथोनच्या नावाने कोणाच्या हाती द्यावे?

लाविनियाबाई शहरातून आल्या होत्या. पुढे होऊन त्यांनीच ते घेतले. “देव त्याला विश्रांती देवो,” मी म्हणालो. रिवाजाप्रमाणे त्यांनी 'देव त्याला क्षमा करो' म्हणायला हवे होते. त्यांनी चेरी पाहिल्या, मडके छातीशी धरले आणि म्हणाल्या, “काही पुरावा होता का, सर? तो गेला ह्याचा?”

“एका बाईने सांगितले होते.”

“कुठली बाई?”

नाव आठवेना. आजही आठवत नाही.

१३ जून

एक्केचाळीस. शेवटचा कागद माझा स्वतःचा. वहीत सर्वांच्या खाली मी आहे. मी विनोदाने म्हटले, मला माझी संमती आहे. लाविनियाबाईंनी कागद पुढे सरकवला: “तारीख घाला.”

१६ जून

सादर केला. दोनशे चौदा पाने. त्यातले वाक्य आता असे आहे: 'सापळ्यातील नावे खरी आहेत, त्यांपैकी सर्व जिवंत व्यक्तींची लेखी संमती सोबत जोडली आहे.' खाली माझी सही.

चार तारखेपासून पाहुणा आलेला नाही.

२४ जून

विभागातून निरोप. परीक्षकांचा पहिला प्रश्न तोच असणार: तो पाहुणा तुम्ही स्वतः नाही कशावरून?

मदर मक्रिनांना सांगितले. त्या एल्डर झुडपाच्या फुलांचे सरबत गाळत होत्या.

“बुधवारी तीनला तुम्ही माझ्यासमोर स्तोत्र गाता की.”

“तेच म्हणतो आहे. पण साक्ष त्यांना पटेल अशी हवी, मदर.”

“मग मी येते. काळा झगा बघून निदान खुर्ची तरी देतील.” फडके पिळून झाल्यावर म्हणाल्या, “ती यादी उघडली ना, की पहिलं नाव मी घालणार आहे. आमची सिस्टर तेक्ला. संगणक म्हटलं की तिला घाम फुटतो.”

रात्री झोप कमी. स्तोत्रे म्हणतो आणि मध्येच तर्कवाद सुरू होतो.

२९ जून

पेत्र आणि पौल यांचा दिवस. सापळ्याची परवानगी आज मध्यरात्रीपर्यंत. पूजेनंतर शेवटच्या नोंदी पाहायला बसलो.

काल दुपारी तो आला होता. या वेळी नुसते वाचले नाही.

मृतांच्या तिसऱ्या पानावर आता दहा नावे आहेत. सातवी ओळ रिकामी. जिवंतांच्या रकान्यात, सर्वांत खाली, माझ्या नावाच्याही खाली, एक नवे नाव. आजारी, कैदेत, प्रवासात — लोक नावापुढे लिहितात, तसे पुढे लिहिलेले.

'अगाथोन — प्रवासात.'

कुत्रा भुंकला, दोरोफ्तेइ कुंपणावरून काही तरी विचारत होता.

ज्याची खातरजमा झाली नाही त्याला आत घेऊ नये, हा माझ्या प्रबंधाचा पहिला सिद्धान्त आहे. आणि एका नाव न आठवणाऱ्या बाईच्या शब्दावर मी जिवंत माणसाला सतरा वर्षे पुरत आलो. आमच्याकडे जिवंताचे नाव मृतांत लिहिणे हा शाप मानतात. मी तो रोज दिला, मेणबत्ती लावून.

मग दुसरे ध्यानात आले. जिवंत आता बेचाळीस. कागद एक्केचाळीस. माझे वाक्य पुन्हा खोटे झाले आहे, आणि उद्या सकाळी अकराला मी त्याच वाक्यावर उभा राहणार आहे.

लाविनियाबाईंना फोन केला. ती ओळ वाचून दाखवली.

“तोच आहे, सर?”

“किल्ली त्याच्याकडे वीस वर्षांपासून आहे.”

मग मास्तरणीच्या आवाजात: “उद्या गप्प बसलात तर कुणाला कळणार नाही. प्रबंधातल्या नोंदी सोळा तारखेपर्यंतच्या आहेत.”

“आणि?”

“आणि मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.”

“उद्या पहिले वाक्य तेच असेल.”

“त्याला विचारा,” त्या म्हणाल्या. आवाज आता मास्तरणीचा नव्हता. “दार उघडं आहे ना अजून मध्यरात्रीपर्यंत?”

सापळ्यात बोलू नये, हा नियम आहे. त्याच्या नावापुढे मी लिहिले: 'अगाथोन, हा सापळा आहे. मी तुझे नाव तुला न विचारता वापरले. वीस वर्षांपूर्वी किल्ली माझी होती, हेही सभेत सांगितले नाही. तुझी संमती आहे का? नसेल तर पाचवे प्रकरण मी उद्या मागे घेतो. — ओनिसिफोर, लॅटिनचा शिक्षक.'

३० जून

सकाळचे आठ. मदर मक्रिना झगा झटकून बसथांब्यावर उभ्या आहेत, मला हाका मारताहेत.

रात्री बंद होण्यापूर्वी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आले होते. आता पाहिले.

'संमती आहे, सर. पण पासवर्ड बदला.'

जो कोणी हे पान कधी उघडेल, ओळखीचा वा अनोळखी, किल्लीने वा किल्लीवाचून, त्याचे नाव जिवंतांच्या रकान्यात असो. आणि तो प्रवासात असेल तर त्याला घर सापडो. आमेन.